गर्भाशयमुखाच्या पेशींत एचपीव्ही नेमके काय करतो?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळातील एका ताईंनी आपला वैद्यकीय अहवाल आम्हाला वाचावयास दिला. नेहमीच्या तपासणीत ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असा शेरा आला होता. कर्करोगाची भीती तर होतीच, पण त्याहून मोठी धास्ती होती ती घरात काय बोलले जाईल याची. लग्नाला वीस वर्षे झाली, मग हा विषाणू आता आला कोठून? त्यांच्या संमतीने तो प्रश्न येथे मांडत आहोत. आम्ही व्यवसायाने संगणक अभियंते, वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तथापि उत्तर शोधताना जे वाचले ते आपल्या घराघरांत बोलले जावे, असे वाटते.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा डीएनए म्हणजे सुमारे ८,००० आधारजोड्यांचे एक लहानसे वर्तुळ. मानवी पेशीतील एका जनुकसंचात अशा ३ अब्ज जोड्या असतात. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, त्यासाठी पेशीचीच यंत्रणा वापरावी लागते. अडचण अशी की गर्भाशयमुखाच्या अस्तरात फक्त तळाच्या थरातील पेशी विभागतात. वर सरकणाऱ्या पेशी डीएनएच्या प्रती काढणारी जनुके बंद करतात. विषाणूला नेमकी तीच जनुके चालू हवी असतात.

हे काम त्याची दोन प्रथिने करतात. पेशीत ‘आरबी’ नावाचे एक प्रथिन विभाजनाची जनुके चालू करणाऱ्या घटकाला धरून ठेवते. विषाणूचे ‘ई-७’ आरबीला निकामी करते, तो घटक मोकळा सुटतो आणि निजलेली जनुके एकामागून एक जागी होतात. निरोगी पेशीला ही गडबड कळते. मग ‘पी-५३’ हे प्रथिन विभाजन थांबवते, किंवा पेशीला मरण स्वीकारावयास लावते. त्याची सोय ‘ई-६’ करते: पेशीच्याच एका प्रथिनाला हाताशी धरून ते पी-५३ वर ‘नष्ट करा’ अशी खूण लावते. शिवाय गुणसूत्रांची टोके झिजू न देणाऱ्या टेलोमरेजचे जनुकही ते चालू करते.

यातील एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. ‘पी-१६’ हे खरे तर विभाजनाला आवर घालणारे प्रथिन. बाधित पेशीत ते कमी व्हावे अशी आपली अपेक्षा, पण प्रत्यक्षात ते भरमसाट वाढते. पेशी ब्रेक दाबत राहते, परंतु आरबीच निकामी असल्याने ब्रेक चाकापर्यंत पोहोचत नाही. विकृतिशास्त्रज्ञ याच पी-१६ ला रंग देऊन धोक्याच्या पेशी ओळखतात.

बहुतेक संसर्ग रोगप्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत आटोक्यात आणते. विषाणूच्याच ‘ई-२’ प्रथिनाचा ई-६ आणि ई-७ वर लगामही असतो. काही थोड्या पेशींत मात्र विषाणूचे वर्तुळ तुटून मानवी गुणसूत्रात शिरते, बहुधा ई-२ चे जनुक मोडते आणि लगाम सुटतो. तेथून कर्करोगापर्यंत जाण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. हा विषाणू वर्षानुवर्षे मूकही राहू शकतो. म्हणून अहवालावरून संसर्ग कधी झाला वा कोणाकडून झाला हे सांगता येत नाही. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. त्यावरून चारित्र्याचा निवाडा करू पाहणाऱ्याला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही.

या ज्ञानाचा मोठा भाग एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशींतून आला आहे. हेन्रिएटा लॅक्स १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेत होत्या. त्यांना न विचारता त्यांच्या पेशी काढून घेण्यात आल्या. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्या गेल्या. पेशी मात्र ‘हीला’ या नावाने जगभर वाढत राहिल्या आणि कुटुंबाला त्याची वीस वर्षे वार्ता नव्हती. पुढे हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूला १९८४ साली त्या पेशींत एचपीव्ही-१८ सापडला. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. २००० साली येल विद्यापीठात संशोधकांनी हीला पेशींत ई-२ परत घातले. ई-६ आणि ई-७ थांबले, पी-५३ व आरबी पुन्हा कामाला लागले आणि जवळजवळ अर्धशतक न थांबलेल्या पेशी काही दिवसांत विभागणे थांबवून वृद्ध झाल्या. म्हणजे पेशीचे स्वतःचे आवर नष्ट झालेच नव्हते, फक्त दाबून ठेवलेले होते. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो.

दुसरा पुरावा आपल्या मराठवाड्यातला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण महिलांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही चाचणीसाठी निवडलेल्या गटात सुमारे ३४ हजार महिला होत्या. आठ वर्षांत त्यांतील ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न दिलेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४ दगावल्या. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे टीका झाली आणि ती रास्तच होती, असे आमचे मत आहे.

लसीविषयी एवढेच: तिच्यात विषाणूचे केवळ बाहेरचे कवच असते, ई-६ नाही, ई-७ नाही, डीएनएही नाही. अमेरिकेत ११-१२ व्या वर्षी ती मुलगे आणि मुली दोघांनाही देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही आता भारतात मिळते. मात्र आधीच झालेला संसर्ग लसीने जात नाही. म्हणून आपल्या आया-मावश्यांसाठी उपाय तपासणीचाच.

ताईंच्या पेशींत सध्या दोष नाही. वर्षाने पुन्हा तपासणी आहे. मध्यंतरी त्यांनी गावी थोरल्या बहिणीला फोन केला. बहीण ५२ वर्षांच्या, आजवर एकदाही तपासणी नाही. सगळे ऐकून घेतल्यावर पलीकडून प्रश्न आला, “दुखतं का गं फार?” ताई म्हणाल्या, “नाही गं. पाच मिनिटांचं काम आहे.” पुढच्या आठवड्यात वहिनीला सोबत घेऊन तालुक्याला जाण्याचे ठरले आहे.