खणतो, भरतो, नेतो, पसरतो!

दोस्तांनो, रस्त्याचं काम चालू दिसलं की पाय आपोआप थबकतात, हो ना? बुलडोझर माती ढकलतो, पण फार लांब नेऊ शकत नाही. जेसीबी खणतो, पण माती वाहायला डंपर लागतो. मग स्वतःच खणेल, भरून घेईल, दूर नेईल आणि तिथे नीट पसरूनही देईल, असं एखादं यंत्र नाही का? आहे की! त्याचं नाव स्क्रेपर.

स्क्रेपरला मधोमध एक भलंमोठं लोखंडी भांडं असतं, त्याला म्हणतात बाउल. बाउलच्या पुढच्या कडेला, तळाशी, रुंद पातं. चालक बाउल खाली घेतो, पातं जमिनीत काही सेंटिमीटर शिरतं आणि गाडी पुढे निघते. सुताराचा रंधा फळीवरून फिरला की लाकडाचा पापुद्रा कसा वळत वर येतो! तशीच माती सोलली जाऊन बाउलमध्ये शिरते. बाउल भरला की पुढचं झाकण बंद, बाउल वर, आणि स्वारी निघाली.

मला सगळ्यात आवडते ती याची माती उतरवण्याची पद्धत. स्क्रेपर ढीग ओतत नाही. चालता चालताच झाकण उघडतं, बाउलची मागची भिंत आतून पुढे सरकत मातीला बाहेर लोटते, आणि पातं ती सारखी करत जातं. असा पातळ थर रोलरने दाबायचा, मग त्यावर दुसरा. भराव पक्का बसतो तो यामुळेच.

याचा जन्म झाला शेतकऱ्यांच्या गरजेतून. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फ्रेस्नो नावाचं शहर आहे. तिथल्या कोरड्या जमिनीला पाणी द्यायचं, तर कालवे खणायला आणि उंचसखल शेतं सपाट करायला हवी होती. स्कॉटलंडहून तिथे आलेल्या जेम्स पोर्टियस यांनी १८८३ मध्ये घोड्यांनी ओढायचा स्क्रेपर बनवला. आधीच्या फळ्या माती नुसती पुढे ढकलायच्या. यांचं पातं ती खरवडून अर्धगोल भांड्यात घ्यायचं. मागे लांब दांडा. तो उचलला की पातं जमिनीत घुसायचं, दाबला की वर यायचं. पण मध्येच दगड लागला, तर दांडा फाडकन उसळून हाकणाऱ्यालाच लागायचा! पनामा कालव्याच्या कामावरही हे स्क्रेपर राबले.

पुढे घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले. कॅलिफोर्नियातल्याच रॉबर्ट लेटर्नो या कंत्राटदाराने स्क्रेपरचं रूप पालटलं. लोखंडी चाकं मऊ मातीत रुतायची, म्हणून १९३२ मध्ये त्यांनी रबरी टायर बसवले. नंतर त्याच दशकात ट्रॅक्टर आणि स्क्रेपर जोडून एकच गाडी केली. तिच्या पुढच्या ट्रॅक्टरला चाकं मात्र दोनच! हा ट्रॅक्टर मागच्या बाउलला जोडलेला, म्हणून कलंडत नाही. उलट बाउलचा बराचसा भार त्या दोन चाकांवर येतो आणि ती जमीन घट्ट पकडतात. किती हुशारीची युक्ती!

आजचा कॅटरपिलर ६५७ हा स्क्रेपर एका खेपेला सुमारे ३४ घनमीटर माती घेतो. एवढ्या मातीने एक लहान खोली छतापर्यंत भरेल. त्याला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं असतात. तरीही जमीन चिवट असेल तर भरताना दम लागतोच. मग असे दोन स्क्रेपर एकमेकांना आकड्याने जोडतात. आधी मागचा पुढच्याला ढकलतो, पुढचा भरला की तो मागच्याला ओढतो. चारही इंजिनांची ताकद एका वेळी एकाच पात्याला! दोघं भरले की आकडा सुटतो आणि ते आपापले पळतात. खडकापुढे मात्र स्क्रेपरचं चालत नाही. तिथे आधी खडक फोडावा लागतो.

आणि शेतातला स्क्रेपर? तो आजही आहे. पंजाब-हरियाणात ट्रॅक्टरमागे लेझर लेव्हलर नावाचा स्क्रेपर जोडतात. शेताजवळच्या तिवईवरून लेझरचा किरण गोल फिरत राहतो. स्क्रेपरच्या खांबावरचं यंत्र तो टिपतं आणि पात्याला वर-खाली करतं. उंचवटा आला की पातं खरवडतं, खळगा आला की माती सोडतं. चालकाने फक्त ट्रॅक्टर चालवायचा.