श्रीरामपूरचे सहजीवन: श्रद्धा, दिनक्रम आणि नव्या मूर्ती

परदेशी मिशनऱ्याची दोन चित्रे आपल्याकडे सामान्यतः रंगविली जातात. एका चित्रात तो सर्वस्वाचा त्याग करून निघालेला संतपुरुष असतो, तर दुसऱ्यात परकीय सत्तेच्या सावलीत वावरणारा धर्मवेडा प्रचारक. ही दोन्ही चित्रे दुरून काढलेली आहेत. तो सकाळी किती वाजता उठत असे, त्याच्या घराचा खर्च कोण चालवीत असे, सहकाऱ्यांशी भांडण झाले म्हणजे ते कसे मिटे, पत्नी आजारी पडली तर काय होई, असल्या साध्या गोष्टी त्यांत दिसत नाहीत. वस्तुतः श्रद्धेची खरी कसोटी याच गोष्टींत लागते. बंगालमधील श्रीरामपूर येथे 1800 साली स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट मिशनचा वृत्तांत या दृष्टीने फार बोधप्रद आहे. (हे श्रीरामपूर हुगळी नदीच्या काठी, कलकत्त्याच्या उत्तरेस वसलेले आहे. महाराष्ट्रातील त्याच नावाच्या गावाशी त्याचा संबंध नाही.)

प्रारंभी ‘मूर्ती’ या शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण केले पाहिजे. बायबलमधील दहा आज्ञांत मूर्तिपूजेचा निषेध आहे आणि त्या आधारावर मिशनऱ्यांनी हिंदूंच्या उपासनापद्धतीवर टीका केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच परंपरेत या शब्दाचा दुसरा, अधिक अंतर्मुख असा अर्थही आहे. प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. ईश्वराच्या जागी मनुष्य ज्याला बसवितो, ज्याच्यावाचून आपले चालणार नाही असे मानतो, ती मूर्ती होय. मग ती दगडाची असो, नाण्यांची असो वा कीर्तीची असो. या अर्थाने पाहिले, तर मूर्तिभंजनाचे काम परक्याच्या देवळात सुरू होत नसून स्वतःच्या घरात सुरू होते. श्रीरामपूरच्या मंडळींना हा अर्थ ठाऊक होता. त्यांना तो पूर्णपणे आचरता आला नाही, तथापि त्यांनी तो नजरेआडही होऊ दिला नाही.

नीळ, गरिबी आणि संशय

विल्यम कॅरी यांचा जन्म 1761 साली इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात झाला. व्यवसायाने ते चांभार होते आणि भाषा ते बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकले. 1792 च्या ऑक्टोबरमध्ये केटरिंग या गावी काही पाद्र्यांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना केली, त्या वेळी जमलेल्या वर्गणीचा आकडा तेरा पौंड, दोन शिलिंग आणि सहा पेन्स एवढाच होता. पुढच्याच वर्षी कॅरी एका डॅनिश जहाजाने निघाले आणि नोव्हेंबर 1793 मध्ये कलकत्त्यास पोहोचले. त्यांची पत्नी डॉरथी हिची येण्यास मुळीच तयारी नव्हती. अगदी अखेरच्या क्षणी, बहिणीला सोबत घेऊन, ती निघाली.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रचारामुळे असंतोष वाढेल आणि व्यापाराला धोका पोहोचेल, अशी तिला भीती वाटे. जवळचे पैसे लवकरच संपले. सुंदरबनाच्या बाजूला काही काळ काढल्यानंतर 1794 मध्ये कॅरी यांनी उत्तर बंगालमधील मदनाबाटी येथे नीळ कारखान्याच्या व्यवस्थापकाची नोकरी पत्करली. पगार दरमहा दोनशे रुपये होता. त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने दगावला. या आघातातून डॉरथी कधीच सावरली नाही. तिचा मनोविकार वाढत गेला.

कॅरी यांनी नोकरी धरली ही वार्ता इंग्लंडला पोहोचली, तेव्हा मिशनरी आता व्यापारात गुंतणार की काय, अशी काळजी तेथील मंडळींनी पत्राने व्यक्त केली. कॅरी दुखावले. कुटुंबाच्या गरजा भागल्यावर उरणारे सर्व आपण मिशनच्या कामालाच लावतो, असे त्यांनी कळविले. ते खरेही होते. परंतु दूर बसून दिलेल्या या इशाऱ्यामागचा प्रश्न पोकळ नव्हता. पैसा साधन म्हणून हाती घेतला की तो साधनच राहील याची खात्री कोण देणार?

एक घर, एक पंगत

1799 च्या ऑक्टोबरमध्ये जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड इत्यादी नवे मिशनरी इंग्लंडहून आले. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथे कंपनीची सत्ता चालत नव्हती आणि डॅनिश गव्हर्नरने या मंडळींना आश्रय दिला. जानेवारी 1800 मध्ये कॅरी कुटुंबासह तेथे येऊन राहिले.

येथे त्यांनी मोरेव्हियन बंधुमंडळाच्या धर्तीवर सहजीवनाचा प्रयोग आरंभिला. सर्व कुटुंबे एकाच आवारात राहत आणि एकाच पंगतीला जेवत. मिळकत सामाईक खजिन्यात जमा होई आणि त्यातून प्रत्येक कुटुंबाला खर्चापुरती थोडीशी नेमणूक मिळे. घराची व्यवस्था पाहण्याचे काम आळीपाळीने प्रत्येकाकडे येई. शनिवारची संध्याकाळ त्यांनी एका वेगळ्याच कामासाठी राखून ठेवली होती. आठवड्यात परस्परांविषयी मनात काही किल्मिष साचले असेल, तर ते त्या बैठकीत बोलून मिटवायचे आणि एकमेकांवर प्रेम करण्याचे वचन पुन्हा द्यायचे, असा त्यांचा नेम होता. परक्या देशात, उन्हाळ्याच्या तलखीत, एका छपराखाली दाटीने राहणाऱ्या माणसांना अशा बैठकीची किती गरज भासत असेल, याची कल्पना एकत्र कुटुंबात वाढलेल्या भारतीय वाचकाला सहज करता येईल.

7 ऑक्टोबर 1805 रोजी या मंडळींनी आपल्या सहजीवनाचा एक लेखी करारनामा तयार केला आणि तो प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत, मोठ्याने वाचावा असे ठरविले. त्यातील दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. लोकांच्या देवदेवतांचे दोष कडवटपणे उगाळू नयेत, त्यांच्या मूर्तींना कोणत्याही कारणाने इजा करू नये आणि त्यांच्या पूजेत व्यत्यय आणू नये, असे पहिले कलम बजावते. दुसरे कलम स्वतःकडे वळते. आपला वेळ, आपली बुद्धी, आपले बळ, आपली कुटुंबे, फार काय, अंगावरचे कपडेदेखील आपले मानू नयेत, असा त्याचा आशय आहे. ज्या क्षणी प्रत्येकजण स्वतःसाठी कमाई करू लागेल, त्या क्षणी मिशनचा ऱ्हास सुरू होईल, असे त्यांचे ठाम मत होते.

या कलमांचे पालन नेहमीच झाले असे मात्र नाही. 1807 मध्ये इस्लामच्या पैगंबरांविषयी अनुदार मजकूर असलेली एक फार्सी पुस्तिका श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडली आणि त्यावरून सरकारचा मोठा रोष ओढवला. दुसऱ्याच्या श्रद्धेशी सभ्यपणे वागण्याचा नियम लिहून काढणे सोपे आणि तो छापखान्याच्या दारापर्यंत नेणे अवघड, हेच यावरून दिसते.

पगार आणि दिनक्रम

1801 साली कॅरी यांची कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकविण्यासाठी नेमणूक झाली. पुढे मराठीचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. ज्या कंपनीला मिशनरी नकोसे वाटत, तिच्याच तरुण अधिकाऱ्यांना ते आता देशी भाषा शिकवू लागले. आरंभी दरमहा पाचशे रुपये आणि 1807 पासून, प्राध्यापक झाल्यावर, हजार रुपये असा हा पगार होता. त्या काळच्या मानाने ती लहानसहान रक्कम नव्हे. कॅरी यांनी त्यातील अल्पसा भाग कुटुंबासाठी आणि सरकारी समारंभात शोभेल अशा पोशाखासाठी ठेवला. बाकी सर्व पैसा सामाईक खजिन्यात गेला. मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचे उत्पन्न आणि वॉर्ड यांच्या छापखान्याचा नफाही तेथेच जमा होई.

12 जून 1806 रोजी लिहिलेल्या एका पत्रात कॅरी यांनी आपल्या एका दिवसाचा हिशेब दिला आहे. आपल्याकडून पत्रे कमी का जातात, याचा तो खुलासा होता. पावणेसहाला उठून त्यांनी हिब्रू बायबलचा एक अध्याय वाचला आणि सात वाजेपर्यंत प्रार्थना केली. नंतर नोकरमंडळींसह बंगालीत कौटुंबिक उपासना झाली. चहा ओतला जाईतो मुन्शीबरोबर फार्सी वाचन, न्याहारीपूर्वी थोडे हिंदुस्तानी. न्याहारीनंतर दहापर्यंत एका पंडिताबरोबर संस्कृत रामायणाचे भाषांतर. मग एक ते दोनच्या दरम्यानपर्यंत कॉलेज. परतल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची मुद्रिते तपासली. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडिताच्या साहाय्याने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय संस्कृतात आणला. सहानंतर तेलुगू पंडित आला. साडेसातला सुमारे चाळीस श्रोत्यांपुढे इंग्रजीत प्रवचन झाले. नऊनंतर यहेज्केलाच्या ग्रंथाचे बंगाली भाषांतर, अकराच्या सुमारास पत्रलेखन आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय.

मराठी वाचकाला या दिनक्रमाचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने कॅरी यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी कोश प्रसिद्ध केला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील ही पुस्तके अशा रीतीने महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये तयार झाली.

काम हीच मूर्ती?

वरील दिनक्रम वाचून आदर वाटतो, पण त्याबरोबर एक शंकाही मनात येते. त्या पत्रातील दिवसभरात पत्नीचा उल्लेख नाही. कॅरी भाषांतर करीत असत, तेव्हा शेजारच्या खोलीत डॉरथी भ्रमिष्टावस्थेत कोंडलेली असे. सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, 28 डिसेंबर 1800 रोजी, कृष्ण पाल या सुताराने हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या आनंदाच्या दिवशीही तिचा आक्रोश ऐकू येत होता. ज्या डॉक्टर जॉन टॉमस यांच्यासह कॅरी भारतात आले, त्यांचेही मानसिक संतुलन त्याच सुमारास ढळले होते आणि त्यांनाही बंद खोलीत ठेवावे लागले. डॉरथी 1807 च्या डिसेंबरमध्ये वारली. कॅरी यांच्या मुलांना वळण लावण्याचे काम पुष्कळ अंशी हॅना मार्शमन आणि वॉर्ड यांनीच केले.

कॅरी यांनी पत्नीला घरीच सांभाळले, वेड्यांच्या इस्पितळात धाडले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु ‘कुटुंबेही आपली मानू नयेत’ या वाक्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. संपत्तीचा लोभ सोडलेला माणूस कामाच्या लोभात सापडू शकतो, आणि काम पवित्र असेल तर हा लोभ ओळखू येणे अधिकच कठीण होते. श्रीरामपूरहून सुमारे चाळीस भाषांत बायबलची भाषांतरे निघाली. त्यांतील अनेक घाईने झाली होती आणि पुढच्या पिढ्यांना ती नव्याने करावी लागली.

आग, कीर्ती आणि मालमत्ता

11 मार्च 1812 रोजी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि कॅरी यांची अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळून गेली. अनेक भाषांच्या तौलनिक कोशाचे हस्तलिखितही त्यांत होते. अक्षरे पाडण्याचे पोलादी ठसे मात्र राखेत सुरक्षित सापडले. त्यांवरून वितळलेल्या धातूचे खिळे पुन्हा पाडण्यात आले आणि अल्पावधीतच छपाई सुरू झाली.

या आगीमुळे श्रीरामपूरचे नाव ब्रिटनमध्ये घरोघर पोहोचले आणि नुकसानीइतका निधी काही आठवड्यांतच जमा झाला. त्या वेळी सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी मिशनऱ्यांना सावध केले. लोकांच्या या स्तुतीला त्यांनी धूपाची उपमा दिली आणि हा धूप आपण हुंगू लागलो तर ईश्वर आपला आशीर्वाद काढून घेणार नाही काय, अशा आशयाचा प्रश्न केला. ही उपमा अर्थपूर्ण आहे. धूप जाळला जातो तो मूर्तीपुढे; आणि या वेळी मूर्तीच्या जागी बसण्याचा धोका स्वतः मिशनऱ्यांनाच होता.

फुलर 1815 साली वारले आणि जुना विश्वास त्यांच्याबरोबर गेला. श्रीरामपूरच्या इमारती, जमीन आणि छापखाना यांची मालकी कोणाची, यावरून लंडनमधील नव्या समितीशी कटू वाद सुरू झाला. ही मालमत्ता आम्ही स्वकष्टाने मिळविली असून आम्ही तिचे विश्वस्त आहोत, असे श्रीरामपूरकरांचे म्हणणे होते. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांनाही ज्येष्ठांचा अधिकार जाचू लागला. त्यांनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली. त्यांत कॅरी यांचा पुतण्याही होता. अखेर 1827 मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी यांची फारकत झाली. वैयक्तिक मालमत्तेचा त्याग केलेली माणसे सामाईक मालमत्तेच्या वादात दहा वर्षांहून अधिक काळ अडकून पडली. ‘माझे’ हा शब्द त्यांनी टाकला होता, परंतु ‘आमचे’ हा शब्दही तितकाच बांधून ठेवतो, याचा अनुभव त्यांना उतारवयात आला.

1830 नंतर कलकत्त्यातील मोठमोठ्या व्यापारी पेढ्या बुडाल्या आणि त्यांत मिशनचेही पैसे गेले. फोर्ट विल्यम कॉलेजातील कॅरी यांची नोकरीही त्याच सुमारास संपली. 9 जून 1834 रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे निधन झाले. तेथील मिशनच्या मालमत्तेवर आपला कसलाही हक्क नाही, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. एका मुलाला त्याचा वाटा देण्यासाठी त्यांची पुस्तके विकावी लागली. 1818 साली स्थापन केलेले श्रीरामपूर कॉलेज मात्र आजही उभे आहे.

या मंडळींचे धर्ममत वाचकाला पटो वा न पटो, त्यांच्या करारनाम्याची एक गोष्ट ध्यानात राहते. तो वर्षातून तीनदा वाचावा, असे त्यांनी ठरविले होते. एकदा सही केल्याने माणूस बदलत नाही, टाकलेली मूर्ती निराळ्या रूपाने पुन्हा घरात येते, हे त्यांना करार लिहितानाच ठाऊक असले पाहिजे.