डीव्हीडीवरचे ‘आर’ आणि ‘आरडब्ल्यू’

धाराशिव जिल्ह्यातील कितीतरी घरांत आणि शाळांच्या कपाटांत डीव्हीडी पडून असतात. लग्न, त्यानंतरचा गोंधळ, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगांचे कॅसेटवरील शूटिंग २००० नंतरच्या दशकात डीव्हीडीवर उतरवले गेले आणि मूळ कॅसेट पुष्कळदा टाकून दिली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा-लोहारा भागातील जुनी गावे उद्ध्वस्त झाली. एखाद्या घरी त्याआधीच्या लग्नाचे चित्रण शिल्लक असेल, तर गेलेली माणसे आणि जुने गाव आता त्या एका तबकडीवरच दिसतात. म्हणून ही तबकडी कशाची बनते, हे समजून घ्यायला हवे.

दुकानात मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीवर कारखान्यातच साच्याने दाबून सूक्ष्म खळगे उठवलेले असतात. त्यांवर धातूचा चकचकीत थर असतो. लेसरचा तांबडा किरण (तरंगलांबी ६५० नॅनोमीटर) या थरावरून परावर्तित होतो. खळगा आला की परावर्तन कमी होते. या कमी-अधिक प्रकाशावरूनच यंत्र शून्य आणि एक वाचते.

घरी लिहायच्या तबकडीत खळगे नसतात. ‘आर’ प्रकारात प्लॅस्टिक आणि धातू यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लिहिताना लेसरची शक्ती वाढवली जाते, तिच्या उष्णतेने रंगद्रव्य जागोजागी कायमचे बदलते आणि तेथून प्रकाश कमी परततो. ‘बर्न करणे’ हा शब्द यावरूनच आला. असा बदल उलट फिरवता येत नाही, म्हणून ‘आर’वर एका जागी एकदाच लिहिता येते.

‘आरडब्ल्यू’मध्ये रंगद्रव्याऐवजी मिश्रधातू असतो. साखर वितळवून झटकन गार केली तर काचेसारखी गोळी होते, तर पाक सावकाश गार होऊ दिला तर खडीसाखरेचे स्फटिक बनतात. पदार्थ तोच, पण रचना निराळी. या मिश्रधातूचेही तसेच आहे. त्याचा स्फटिकी भाग प्रकाश जास्त परावर्तित करतो, अस्फटिकी भाग कमी. लेसरने कधी वितळवून, तर कधी नुसते तापवून या दोन अवस्था आलटून पालटून आणता येतात. म्हणून ही तबकडी सुमारे हजार वेळा पुन्हा लिहिता येते. मात्र तिचे परावर्तन एकूणच कमी असल्याने काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत.

आता अधिक-उण्याची भानगड. उणे चिन्हाची ‘डीव्हीडी-आर’ १९९७ साली आली. त्यानंतर कंपन्यांच्या दुसऱ्या गटाने अधिक चिन्हाचे प्रकार काढले. ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू’ २००१ साली आणि ‘डीव्हीडी+आर’ २००२ साली बाजारात आली. फरक मुख्यतः एवढाच, की लिहिताना लेसरला जागा दाखवणाऱ्या खुणा दोहोंत वेगळ्या पद्धतीने कोरलेल्या असतात. पुढे दोन्ही चालवणारे ड्राइव्ह निघाले आणि हा प्रश्न जवळजवळ मिटला.

एका तबकडीवर किती वेळाचे चित्रण मावते? हे गणित वर्गात जरूर घ्यावे. एका थराची क्षमता ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. चित्रण सेकंदाला ५० लाख बिट या दराने साठवले तर ७,५२० सेकंद, म्हणजे दोन तासांहून थोडे अधिक. तीच तबकडी संगणक ४.३८ जीबी दाखवतो, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो. चार तासांचे लग्न एकाच थरावर बसवायचे तर दर निम्मा करावा लागतो आणि चित्र धूसर होते.

डीव्हीडी प्लेअरवर काही लावून दिसत नसेल, तर तबकडी खराब झाली असे लगेच समजू नये. लिहून झाल्यावर ती ‘फायनलाइझ’ केलेली नसली, तर दुसरे यंत्र ती वाचेलच असे नाही. किंवा चित्रण व्हिडिओ डीव्हीडीच्या ठरलेल्या रचनेत न घालता नुसती फाइल म्हणून ठेवलेले असेल, तर ते संगणकावर दिसू शकते.

खरा धोका वेगळा आहे. ‘आर’मधील रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू बिघडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीजवळ तबकडी ठेवणे घातकच. तेरच्या संग्रहालयातील सातवाहनकाळच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आजही टिकून आहेत. घरी लिहिलेल्या तबकडीकडून मात्र तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

तबकडी काठाला धरून हाताळावी आणि डबीत, अंधाऱ्या व थंड जागी उभी ठेवावी. वरून कागदी लेबल चिकटवू नये. पण एवढ्यावर थांबू नये. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, म्हणजे तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र दुर्मिळ होत चालले आहे. शाळेच्या संगणक कक्षात जुना ड्राइव्ह चालू असेल तोवर तबकडीवरील ‘व्हिडिओ_टीएस’ हा फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा, दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि दोन्ही प्रती वर्षातून एकदा चालवून पाहाव्यात. आठवी-नववीची मुले हे काम सहज करतील, आणि गावातील घरोघरच्या तबकड्याही त्यांच्याकडून उतरवून घेता येतील.