मीरा-भाईंदर : एक शहर, चार कामं
लोकलचे नोकरदार : पूनम सागर वसाहतीतून रिक्षानं मीरा रोड स्टेशन. विरारहून आलेली गाडी आधीच खचाखच. दारातली जागाही नशिबाची. दिलासा महिनाअखेरच्या पगाराचा.

उत्तनचे कोळी : जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी, म्हणजे कमाई थांबलेली. पुढे हंगामात बांबूंना बांधलेल्या दोरांवर बोंबील सुकू लागले की घरात पैसा खेळतो.

मिठागरांतले मजूर : उन्हाळ्यात काम जोरात. खाऱ्या पाण्यानं तळपाय फुटतात. अवकाळी सर आली की तयार मीठ विरघळतं. सुख एकच : वाफ्यात पांढरी रास उभी राहिलेली पाहणं.

भाईंदरचे स्टील कारागीर : पॉलिशची धूळ नाकातोंडात, यंत्रांची घरघर कानात. पण हातातून निघालेल्या पातेल्यात स्वतःचा चेहरा लख्ख दिसतो.