गाड्यावरचं चायनीज आणि कँटनचं जेवण

“मीठ घालायचं विसरले की काय हे लोक?” वाफवलेल्या माशाचा पहिला घास घेऊन माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला हळूच विचारलं. नांदेडचा माझा भाचा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला आहे. बढती मिळाली म्हणून त्यानं आजी-आजोबांसह आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. बहीण नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसनं आली, आम्ही लातूरहून रात्रीच्या गाडीनं. दुपारी त्यानं जेवायला नेलं ते एका महागड्या कँटनी हॉटेलात. लातूरला परतल्यावर आडतीत, गल्लीत, पाहुण्यांत ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं त्यानं काही ना काही ऐकीव माहिती मलाच दिली. त्यातलं निम्मं चुकीचं आहे हे एव्हाना मला कळलं होतं, कारण जायच्या आधी मीही तेच मानत होतो.

पहिली समजूत अशी की चायनीज म्हणजे मंचुरियन, शेजवान राइस आणि लाल चटणी. मंचुरियन मंचुरियात कुणाला माहीत नाही. ते मुंबईत जन्मलं. कोलकात्याहून आलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं ते स्वतः सांगत आले. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला पाया, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. लातूरच्या गंजगोलाईजवळ काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, गाड्यावर मिळतं ते या घराण्यातलं. ते आपलं भारतीय जेवण आहे आणि मला आवडतं. पण त्यावरून कँटनचं जेवण ओळखायला जाणं म्हणजे पावभाजीवरून पोर्तुगालचं जेवण ओळखण्यासारखं आहे.

कँटन म्हणजे आजचं ग्वांगझू, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताची राजधानी. मोती नदीच्या मुखाजवळचं हे बंदर मुंबईला नवखं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईची जहाजं कापूस आणि अफू घेऊन तिकडं जात. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच व्यापारातली, आणि पारशी बायकांच्या ‘गारा’ साड्यांवरचं भरतकामही तिकडूनच आलं. उलट्या दिशेनं कँटनी खलाशी आणि कारागीर मुंबईत आले. माझगावात त्यांच्या ‘सी यिप’ मंडळींचं देऊळ आहे, १९१९ सालचं. १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं आणि पुढं त्यांतले बरेच जण देश सोडून गेले. त्यांची मुलं इथंच जन्मली होती, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. जे राहिले त्यांनी मुंबईला चिनी जेवणाची गोडी लावली. चर्चगेटचं कामलिंग हे त्या जुन्या कँटनी हॉटेलांपैकी. शेजवान मुंबईत ठळकपणे आलं ते त्यानंतर, १९७३ साली ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन उघडलं तेव्हा. शेजवान म्हणजे सिचुआन, आणि ते कँटनपासून हजार किलोमीटरहून लांब. तिथल्या तिखटात मिरचीबरोबर एक जीभ बधिर करणारं फळ असतं. ते कोकणातल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे. आपल्या बाटलीतल्या शेजवान चटणीत मात्र त्याचा बहुधा मागमूस नसतो.

आता आप्पांच्या मिठाकडं येतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे. मांजरा धरणाचा मासा आमच्या घरी शिजतो तो भरपूर मसाल्यात, लालभडक तर्रीत. त्या जिभेला कँटनचा मासा आळणी वाटणारच. पण त्यात मीठ कमी नव्हतं. कँटनी स्वयंपाकाचा सगळा रोख जिन्नस ताजा असण्यावर आहे. समुद्र, नदी आणि खाडी दाराशी, त्यामुळं मासा हौदात जिवंत ठेवायचा आणि ऐन वेळी वाफवायचा. मसाला वास झाकायला लागतो, आणि मासा ताजा असेल तर झाकायचं काय, असा त्यांचा हिशेब. आमच्यासमोर अख्खा मासा आला. अंगावर आल्याच्या आणि पातीच्या कांद्याच्या केसासारख्या बारीक चिरी, तळाशी पातळ सोया सॉस. वाढणाऱ्या मुलानं छोट्या भांड्यातलं कडकडीत तेल वरून ओतलं. चर्र आवाज झाला आणि आल्याचा वास टेबलभर पसरला. आई पटकन म्हणाली, “ही तर फोडणी की.” फोडणीच ती, फक्त शेवटी आणि वरून दिलेली. आणि कँटनचं पारंपरिक तेल कोणतं? शेंगदाण्याचं.

आप्पांनी दुसरा घास तळाच्या रसाला लावून खाल्ला. मग मिठाचं बोलले नाहीत.

मिरचीबद्दलही एक सांगून टाकतो. मिरची ना आपली, ना त्यांची. ती अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारामुळं ती गोव्याकडून आपल्याकडं पसरली, आणि चीनमध्येही त्याच शतकाच्या अखेरीस पोचली. सिचुआननं आणि मराठवाड्यानं तिला पोटाशी धरलं, कँटननं तिला दारातच ठेवलं.

“अजिनोमोटो घालतात, ते विष असतंय,” हे आमच्या गल्लीतलं ठाम मत. अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचं नाव आहे, पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या कढणातून ते वेगळं काढलं. पिकलेला टोमॅटो, मुरलेलं चीज, सुकवलेली अळंबी यांत ग्लुटामेट निसर्गतःच असतं. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, छाती धडधडते, असं त्यात होतं आणि कारणांबद्दल नुसते अंदाज होते. तिथून ही भीती जगभर गेली. पुढच्या चाचण्यांत नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाला धोका दिसला नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्याला मीठ-साखरेच्याच सुरक्षित वर्गात धरतं. रिकाम्या पोटी एकदम तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं, तर काही थोड्या लोकांना तात्पुरती डोकेदुखी, घाम असा त्रास होऊ शकतो. एका पदार्थात सहसा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतं. ज्याला त्रास होतो त्यानं जरूर टाळावं, आणि हॉटेलात ‘घालू नका’ असं सांगता येतं.

हा पदार्थ आज तयार होतो तो आंबवून, आणि त्याचा एक मोठा कच्चा माल म्हणजे उसाची मळी. मळी काय असते हे लातूरकराला सांगायला नको. गाड्यावरच्या चायनीजमध्ये घाबरायचं असेल तर दुसऱ्या दोन गोष्टींना घाबरावं. एक, पुन्हा पुन्हा तापवलेलं काळं तेल. दुसरी, तो भडक लाल रंग. आपल्या शेजारच्या कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती तपासण्यांत घातक रंग सापडल्यावर. बिदर आमच्यापासून काही लांब नाही. आपल्या गाड्यांवरही मुलं रोज संध्याकाळी उभी असतात, त्यांच्यासाठी ही काळजी आपण करायला हवी.

“साप, बेडूक, काय काय देतील तिथं.” ग्वांगडोंगमध्ये सापाचं सूप होतं, हे खोटं नाही. पण ते रोजचं जेवण नव्हतं. चीननं फेब्रुवारी २०२० मध्ये वन्यप्राणी खाण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर बंदी आणली, आणि त्याच प्रांतातल्या शेनझेन शहरानं कुत्र्या-मांजरांचं मांसही बंद केलं. मुंबईतल्या कँटनी हॉटेलात येतं ते कोंबडी, कोळंबी, मासा, बदक, डुकराचं मांस. प्रत्येक गोष्ट मेनूवर नावानिशी लिहिलेली असते.

आई माळकरी. “मला तिथं पाणी प्यायला नेताव का?” असं ती निघतानाच म्हणाली होती. शाकाहाऱ्याला तिथं काही मिळत नाही हा समज मुंबईपुरता तरी चुकीचा आहे. बहुतेक मोठ्या हॉटेलांत शाकाहारी पदार्थांचा स्वतंत्र भाग असतो: वाफवलेल्या पालेभाज्या, अळंबीचे डिम सम, टोफू, भाज्यांचे नूडल्स. बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून आलेली भाज्यांची एक मिश्र डिश तर कांदा-लसणाशिवाय होते, एकादशीनंतरच्या आमच्या स्वयंपाकघरात शोभेल अशी. पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. कँटनी स्वयंपाकात हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, सर्रास घालतात. सूपचा पाया कोंबडीचा असू शकतो. आमच्याकडं भाजी आली ती काळसर चकचकीत रसात. भाच्यानं विचारलं तेव्हा कळलं की सॉस कालवांचाच होता. ताट परत गेलं, दुसरं आलं, पण आईचा हात तेवढा वेळ मांडीवरच राहिला. ते मला लागलं. म्हणून सांगतो, नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका. सूप कशाचं, सॉस कोणता, हे दोन प्रश्न ऑर्डर देतानाच विचारा.

डिम सम म्हणजे मोमो, हेही तसंच. मोमो तिबेट-नेपाळकडचे. डिम सम हा एक पदार्थच नव्हे, चहाबरोबर खायच्या अनेक लहान पदार्थांचा तो प्रकार आहे, आणि त्याची वेळ सकाळ ते दुपार. शब्दाचा अर्थ साधारण ‘मनाला स्पर्श’ असा. कोळंबीचा ‘हार गाव’ घ्या. त्याचं आवरण गव्हाच्या सत्त्वाचं आणि टॅपिओका स्टार्चचं, इतकं पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसते. कडेला निदान सात तरी चुण्या हव्यात, आणि उचलताना ते फाटता कामा नये. आमच्याकडं मोदकाच्या कळ्या मोजणाऱ्या बायका आहेत, त्यांना ही कसोटी लगेच कळेल. सोबतचा चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, भरून मिळते. कुणी आपल्या कपात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं, तेच आभार.

काड्यांनीच खायला हवं असं काही नाही. चमचा मागा, कुणी कमी लेखत नाही. एवढंच पाळा की काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मृतांसमोर लावलेल्या उदबत्तीसारखं ते दिसतं आणि तिकडं अशुभ मानतात.

डिम समच्या एका टोपलीत तीन-चार नग, मग पोट कसं भरणार? आपण प्रत्येकी एक डिश मागवतो म्हणून भरत नाही. हे जेवण मधल्या फिरत्या चकतीवर ठेवून सगळ्यांनी वाटून खायचं असतं. सहा जणांत चार-पाच टोपल्या, एक मासा, एक भाजी, एक टोफू, शेवटी भात किंवा नूडल्स. बिल तरीही मोठं येतं, यात शंका नाही. पण बिल वाचून भरा. स्वतंत्र हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, आणि ज्या तारांकित हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांहून जास्त, तिथल्या जेवणावर १८ टक्के. सेवाशुल्क मात्र कर नाही. ते आपोआप बिलात जोडू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. आमच्या बिलात ते होतं. भाच्यानं शांतपणे काढायला सांगितलं, त्यांनी काढलं. वाढणाऱ्या मुलानं चांगलं वाढलं होतं, त्याच्या हातात आप्पांनी वेगळे पैसे ठेवले.

टोफूचं राहिलं. मातीच्या भांड्यात आला होता, वर आलं आणि काळसर आंबवलेले दाणे. आप्पांनी विचारलं, हे पनीर कशाचं? भाचा म्हणाला, “आजोबा, सोयाबीनचं. वरचे दाणेपण सोयाबीनचे. आणि सॉसही.” सोया सॉस म्हणजे शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू बुरशी चढवून मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवायचं. कँटनकडं पारंपरिक पद्धतीत ते मोठ्या रांजणांतून उन्हात ठेवतात, लोणच्यासारखं. आप्पांनी चमचा खाली ठेवला. औशाकडच्या आमच्या काळ्या रानात पंचवीस वर्षांहून जास्त सोयाबीन होतंय. लातूरच्या बाजारातला भाव राज्यभर विचारला जातो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि आडतीत पट्टी हातात पडते तेव्हा तो आकडा किती लांब असतो ते शेतकऱ्याला माहीत. “पंचवीस वर्षं इकलं,” आप्पा म्हणाले, “एक दिवस खाल्लं नाही.”

घरी आल्यावर त्यांनी पायलीभर सोयाबीन आईपुढं ठेवलं. रात्रभर भिजवून, वाटून, फडक्यातून दूध गाळलं. ते चांगलं वीस मिनिटं उकळायचं असतं, नाहीतर कच्चा वास राहतो आणि पचायलाही जड जातं. मग लिंबू पिळून फाडायचं आणि फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा. पहिल्या खेपेला भुसभुशीत झालं, कारण लिंबू जास्त पडलं होतं. दुसऱ्या खेपेला वडी सुरीनं कापता आली. आईनं त्या वड्या येसराच्या आमटीत सोडल्या, आणि आप्पांनी भाकरी कुस्करली.