घाटाने निवडलेले जनावर

अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) लागून, मनमाडच्या रस्त्यावर वसलेले नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित झाले असले आणि तेथे मालमोटारींची वर्दळ अहोरात्र चालत असली, तरी ज्या मुलखाचे ते गाव, त्या मुलखाने मोटारीच्या पूर्वी बैल, घोडी, हत्ती आणि उंट अशा नानाविध वाहनांचे काफिले शतकानुशतके पाहिलेले आहेत. त्यांपैकी उंटाचे नाव निघाले की आपल्या मनश्चक्षूंपुढे वाळवंट उभे राहते. पर्वत उभा राहत नाही. महाराष्ट्राच्या अनुभवापुरते हे रास्तच आहे.

शिवकालीन अठरा कारखान्यांत उष्टरखाना होता, सांडणीस्वार खलिते घेऊन सपाट मुलूख झपाट्याने तोडीत, आणि उंटाच्या पाठीवरून डागली जाणारी शुतरनाळ दख्खनच्या फौजांना चांगली ठाऊक होती. परंतु पावसाळी घाट लागला की उंटाचा इलाज खुंटे. कारण त्याच्या पावलातच आहे. उंटाला बैलासारखा कठीण खूर नसतो. दोन बोटांखाली एक रुंद, मऊ गादी असते. पाऊल टेकताच ती पसरते, म्हणून वाळूत रुतत नाही. पण ओल्या चिकणमातीत तिला पकड मिळत नाही, पाय दोहोंकडे फाकतात, आणि ओझ्यासह खाली बसलेले जनावर पुन्हा उठेलच याची शाश्वती उरत नाही.

या सत्याचे भयंकर प्रत्यंतर औरंगजेबाच्या फौजेला १७०२ साली आले. विशाळगड घेऊन बादशहाने ऐन पावसाळ्यात पन्हाळ्याकडे कूच केले, तेव्हा जेमतेम तीस मैलांच्या त्या वाटचालीला अडतीस दिवस लागले. उंट त्या डोंगरवाटेत पाऊल घालीनात, त्यांचे ओझे हत्तींवर आणि हमालांच्या डोक्यावर चढले, आणि रसदीवाचून व पुराच्या पाण्यात माणसे व जनावरे यांचा अतोनात नाश झाला. पुढे याच बादशहाने १७०७ साली अहमदनगरच्या छावणीत देह ठेवला. त्याच्या सरंजामाला सह्याद्रीने जे थकविले, त्यात मराठ्यांच्या तलवारीइतकाच या चिखलाचाही वाटा होता, असे माझे मत आहे.

सह्याद्रीने आपल्यासाठी निवडले ते जनावर म्हणजे बैल. पाठीवर गोणी लादलेले लमाणांचे तांडे कोकणातील मीठ देशावर आणि देशावरील धान्य कोकणात नेत, आणि नाणेघाटासारख्या वाटांवर जकातीचे व्यवहार चालत. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली नगरवरून धावू लागला आणि तांड्यांच्या या व्यापाराला उतरती कळा लागली.

उंट पर्वत चढतच नाही, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येणार नाही. लेहहून यारकंदला जाणारा जुना व्यापारमार्ग खारदुंग ला आणि हिमनदीने व्यापलेला सासेर ला या खिंडी ओलांडून ५,५४० मीटर उंचीच्या काराकोरम खिंडीतून जात असे. आपल्या अकोले तालुक्यातील कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचे. तशी तीन एकावर एक रचली तरी ही खिंड वर उरते! तेथे घोडी, याक आणि दोन मदारींचे मध्य आशियाई उंट चालत. त्यांची लव हिवाळ्यात दाट लोकरीसारखी वाढते आणि मदारींतील चरबी उपासमारीच्या दिवसांची शिदोरी ठरते. शिवाय तो प्रदेश कोरडा असल्यामुळे, जी मऊ गादी सह्याद्रीच्या चिखलात दगा देते तीच तेथील वाळूत आणि कोरड्या बर्फात उपयोगी पडते.

मध्य आशियातील काफिल्याची रीत पाहण्यासारखी असे. प्रत्येक उंटाच्या नाकातील खुंटीची दोरी पुढच्या उंटाच्या खोगिराला बांधीत, पण मुद्दाम कच्ची, म्हणजे एखादा घसरला तर दोरी तुटावी, नाक फाटू नये. शेवटच्या उंटाच्या गळ्यात घंटा असे. तिचा नाद थांबला की कतार कोठेतरी तुटली, हे सर्वांत पुढे चालणाऱ्या माणसाला मागे न पाहताच कळे.

लेह–यारकंदचा हा व्यापार १९४९–५० च्या सुमारास सरहद्द बंद झाल्यामुळे संपला, आणि नुब्राच्या खोऱ्यात राहिलेल्या उंटांची संतती आज हुंडर गावाजवळच्या वाळूत प्रवाशांना फिरविते. अलीकडे लेहच्या संरक्षण संशोधन संस्थेने सीमेवरील रसद वाहण्यासाठी या उंटांच्या चाचण्या घेतल्या असून सुमारे १७० किलो ओझे ते वाहू शकतात असे आढळले आहे, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय.

नगरहून आणि पुण्याहून दर उन्हाळ्यात लडाखला जाणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. काफिलेवाले या उंटांना उन्हाळ्यात चरायला मोकळे सोडीत आणि शरद–हिवाळ्यात कामाला जुंपीत. वसंतात त्यांची लव झडते आणि हिवाळ्याच्या झिजेनंतर मदारी ढिल्या पडतात. आपण जातो ती नेमकी त्यांच्या विश्रांतीची वेळ. तेव्हा लेहला दोन दिवस मुक्काम करून हवा अंगी लागल्यावरच खारदुंग ओलांडा, आणि हुंडरला पोहोचल्यावर ज्याच्या मदारी एका बाजूला कलंडलेल्या दिसतील त्या उंटावर बसू नका; त्याच्याबरोबर पायी चाला.