लहान विमान मोडत का नाही?

फोमचे चिमुकले रेडिओ-नियंत्रित विमान मैदानावर आपटताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? त्याचे नाक गवतात रुतते. उडविणारा धावत जातो, विमान उचलून झटकतो आणि पुन्हा हवेत सोडतो. त्याच घडणीचे दुप्पट मोठे विमान तसेच आपटले, तर मात्र बहुधा पंखांचे तुकडे गोळा करावे लागतात.

माझ्या एका विद्यार्थ्याने वर्षभर साठविलेल्या पैशांतून आपले पहिलेच विमान चांगले मोठे घेतले आणि पहिल्याच संध्याकाळी ते मोडले. हिरमुसला होऊन त्याने विचारले, "सर, मोठे म्हणजे मजबूत ना?" या प्रश्नाचे उत्तर आपण कागद-पेन्सिल घेऊन शोधू या.

समजा, एका विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी ५० सेंमी., रुंदी १० सेंमी. आणि विमानाचे वस्तुमान ५० ग्रॅम आहे. पंखांचे क्षेत्रफळ झाले ५०० चौ. सेंमी. विमान हवेत राहावयाचे, तर पंखांवरील उचलणारे बल त्याच्या वजनाइतके हवे. हे बल पंखांच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या विमानाला त्यासाठी सेकंदाला सुमारे ४.५ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर वेग पुरतो. हा तर सायकलचा वेग!

आता याच विमानाची लांबी, रुंदी आणि जाडी दुप्पट करा. पंखांचे क्षेत्रफळ ४ पट होईल, पण घनफळ ८ पट, म्हणून वस्तुमानही ८ पट, ४०० ग्रॅम होईल. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार आला. तो पेलण्यासाठी वेगाचा वर्ग दुप्पट हवा. म्हणजे वेग सुमारे १.४ पट, ताशी २३ किलोमीटर हवा.

वेगातील हा फरक थोडा वाटतो. पण आपटताना महत्त्वाची असते ती गतिज ऊर्जा, आणि ती वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यांच्या निम्मी असते. लहान विमानाची ऊर्जा येते सुमारे अर्धा ज्यूल. मोठ्याचे वस्तुमान ८ पट, वेगाचा वर्ग २ पट; म्हणून ऊर्जा १६ पट, सुमारे ८ ज्यूल! हा धक्का सोसण्यासाठी फोम मात्र ८ पटच आहे. प्रत्येक ग्रॅम फोमच्या वाट्याला दुप्पट ऊर्जा येते आणि पंख तुटतो. शिवाय विमान वेगवान असल्यामुळे चूक सुधारायला वेळही कमी मिळतो. म्हणून शिकण्यासाठी लहान व हलके विमानच बरे.

अर्थात लहानपणाचेही तोटे आहेत. ताशी १६ किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यासमोर गेले, तर जमिनीवरून ते जागीच थबकलेले दिसेल. तेच वळून वाऱ्याच्या दिशेने निघाले, की ताशी ३२ किलोमीटर वेगाने दूर जाईल आणि परत येऊ शकणार नाही! म्हणून झाडाचे पान हलत नसेल अशा पहाटेच्या वेळी विमान उडवावे.

उडविण्यापूर्वी बॅटरी बसवून आणखी एक परीक्षा घ्या. पंख सरळ आयताकृती असतील, तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर (आपल्या विमानात अडीच ते सुमारे सव्वातीन सेंमी.वर) दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोला. शेपूट खाली झुकले, तर गुरुत्वमध्य फार मागे आहे. असे विमान नाक वर करते, वेग गमावते आणि कोसळते. बॅटरी थोडी पुढे सरकविली, की काम होते.

काही सावधगिरी हवीच. विमानतळ, विजेच्या तारा, रस्ते आणि माणसांची गर्दी यांपासून दूर, मोकळ्या मैदानातच उडवा. बॅटरी लिथियमची असेल, तर चार्ज होताना तिच्याजवळ थांबा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

अशी विमाने जमविण्याचा छंद लागला, तर एक वही ठेवा. प्रत्येक विमानाचे वस्तुमान ग्रॅममध्ये मोजा आणि पंखांच्या चौरस डेसिमीटरमधील क्षेत्रफळाने भागा. वरील विमानांसाठी उत्तरे येतील १० आणि २०. हा आकडा जितका लहान, तितके विमान साधारणपणे संथ. मग नवे विमान कसे उडेल, याचा अंदाज तुम्ही दुकानातच बांधू शकाल.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या संग्रहात आज पाच लहान विमाने आहेत. मोडलेले मोठे विमानही त्याने जपून ठेवले आहे. त्याच्या वहीत पहिली नोंद त्याच विमानाची आहे.